तुझ्या शेजारची जागा

हट्टी माये,

चर्चचे पाळकसाहेब ओसरीवर बसलेत. चहाही नको म्हणाले. त्यांना माझ्याकडून फक्त हो किंवा नाही हवंय, आणि मी आत येऊन तुला लिहीत बसलेय. तू जाऊन वर्ष होत आलं, तरी या घरातले निर्णय अजून तूच अडवून धरतेस!

राहेलबाई गेली, आज पहाटे. ज्या इमान्यानं वाळूचा टिप्पर दादांच्या सायकलवर घातला, माझा बाप नेला, त्याची माय. तिला पुरायला तुझ्या शेजारची जागा मागताहेत. माझी जागा!

तुला माहीतच आहे, गेवराईचा रस्ता रुंद झाला आणि आपलं अर्धं कबरस्तान त्यात गेलं. उरलेलं भरलंय. कुंपणालगत सगळा खडक, पहार शिरत नाही. तुला पुरलं तिथं तेवढी मऊ माती लागली, आणि बाजूला आणखी एक माणूस मावेल इतकीच. पंचांनी ती माझ्यासाठी ठेवली. मला ना नवरा, ना लेकरू. मेल्यावर तरी कुणाच्या कडेला असेन, एवढंच समाधान होतं मला.

पण तू कुंपणाशी का आहेस गं? दादांच्या डाव्या अंगाला तुझी जागा होती ना! दर ईस्टरच्या आधी त्यांच्या कबरीला चुना लावायचीस आणि उरलेला चुना शेजारच्या रिकाम्या जागेच्या दगडांना. स्वतःच्या कबरीला चुना लावणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

मग इमान्या दारू पिऊन मेला. पंच म्हणाले, हा कधी चर्चची पायरी चढला नाही, याला जागा नाही. भर उन्हाळ्यात राहेलबाई प्रेत घेऊन कबरस्तानच्या फाटकाशी बसली. आणि तू उठलीस, दादांशेजारची तुझी जागा त्याला द्यायला. मी तुझा पदर धरला होता, आठवतं?

"काहून जातीस? त्यानं दादाला मारलं!"

"दादाला आता कळनार न्हाई शेजारी कोन हाय ते. तिला कळतंय, लेकरू उनात पडलंय."

"आन् तू कुठं झोपनार?"

"मेलेल्याला शेजार कशाला लागतो? शेजार जितेपनी लागतो."

लई शहाणी! आयजीच्या जिवावर बायजी उदार! जागा तुझी होती, कबूल. पण शेजार दादांचा होता. त्यांच्या वतीनं मला तरी विचारायचंस! प्रभूनं शत्रूवर प्रेम करायला सांगितलंय. त्याला नेऊन नवऱ्याच्या कुशीत निजवायला कुठं सांगितलंय? तेव्हापासून दादांना फुलं वाहायची तर मला त्या माणसाच्या पायथ्याशी उभं राहावं लागतं.

आणि राहेलबाईनं काय केलं? एका शब्दानं उपकार मानले नाहीत. "तुमचा मानूसच मधी आला," हे तिचं पालुपद शेवटपर्यंत सुटलं नाही. तुला माती दिली त्या दिवशी ती आली होती, पण लेकाच्या कबरीपाशी आमच्याकडं पाठ करून बसली. अशा बाईला तू रोज भाकरी पोचवायचीस!

मंडळीनं मात्र तुझं कौतुक केलं हं. त्यागमूर्ती म्हणाले तुला. मोठे पंच तर रडले. त्यांची आणि त्यांच्या बायकोची जागा फाटकाजवळ सावलीत राखलेली आहे. दोघंही ठणठणीत आहेत.

"पंचांना इचारलं का?" मी आत्ताच पाळकसाहेबांना म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. "तुमी आईच्या वळनाच्या हाव, रूथताई. म्हनून पयले तुमच्याकडं आलो." बघितलंस? हे ठेवून गेलीस तू माझ्यासाठी. जो देतो त्याच्याच दारात लोक पुन्हा येतात, आणि जो देत नाही तो सुखानं जेवतो.

'लेकाच्या कबरीत घाला' असंही सुचवून पाहिलं. ती इतक्यात उघडता येत नाही म्हणे.

नाही म्हणायचं ठरवूनच मी आत आले होते. पण इथून खिडकीतून राहेलबाईचं दार दिसतं. तुझ्या वेळी आपलं अंगण माणसांनी भरलं होतं. तिच्या दारात एकही चप्पल नाही. ऊन चढतंय.

देते जागा. पण मला चांगली बाई म्हणू नकोस. मनात तिच्याबद्दल कणभर माया नाही. माये, तुझ्या मनात तरी होती का तेव्हा? की तूही अशीच दातओठ खात उठली होतीस? हे विचारायचं राहूनच गेलं. मला आपलं वाटायचं, तुला सगळं सोपं जातं.

तर हे माझं वचन. तिच्या रक्ताचं कुणी नाही, म्हणून पहिली मूठ माती मी टाकीन. प्रेमानं टाकीन असं म्हणत नाही, टाकीन एवढं खरं. दादांपाशी तिचा लेक, तुझ्यापाशी ती. आता तिची बडबड तूच ऐक.

माझी वेळ येईल तेव्हा माझ्यासाठीही कुणाला तरी आपली जागा सोडावी लागेल. अख्ख्या मंडळीत जागा सोडणाऱ्या आपण दोघीच, आणि तेव्हा दोघीही मेलेल्या असू.

तुझी लेक,
रूथ