‘दे’ म्हणणारं कुणीतरी

दि. ९ जानेवारी, शुक्रवार

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे मजेत. पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. अक्षर वाकडंतिकडं आलंय, हसू नकोस. पेन भिकार आहे.

आपल्या रिमोटच्या विमानांच्या क्लबचा वर्धापन सोहळा पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी आहे. क्लबचा इतिहास मीच लिहायचा, असं अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या दाताच्या डॉक्टरांनी, फर्मावलं. दाढ उपटावी तसा मजकूर काढून घेताहेत! वीटभट्टीमागचं माळरान, तारेला बांधलेलं आपलं पहिलं विमान, त्याच्याबरोबर गरागरा फिरून चक्कर येऊन पडलेला तू, सगळं लिहिलंय. माझ्या शिवणाच्या इस्त्रीने आपण पंखांवर कापड ताणायचो आणि मग गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर गोंदाचे डाग पडायचे, तेही.

आपला नियमसुद्धा लिहिला. उडवणाऱ्याच्या मागे एक जण उभा राहणार. तो ‘दे’ म्हणाला की रिमोट त्याच्या हातात द्यायचा. का, कशाला, विचारायचं नाही. नियम तुझाच.

मी तुला ‘दे’ म्हटलं, तो दिवस मात्र गाळलाय. विमान उन्हात शिरलं होतं, तुला दिसत नव्हतं. तू मुकाट्याने रिमोट दिलास, मी विमान उतरवलं. तू विमानाची पेटी भरून गेलास तो आजतागायत मैदानावर फिरकला नाहीस. तेव्हा मनात आलं, एवढ्या काय मिरच्या झोंबल्या याला!

आता कळतंय रे.

पेन चांगलं आहे, दादा. मला भीती वाटतेय.

मागच्या रविवारी मोठं पिवळं विमान वळवून आणत होते. समोर नुसता ठिपका. जातोय की येतोय, कळेना. विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं, हे तुला काय सांगायचं? जातंय समजून मी हात चालवला, आणि ते येत होतं. बाकांवरच्या बायकापोरांच्या डोक्यांवरून गेलं, इतकं खालून की एका पोराची टोपी उडाली. लोकांनी टाळ्या पिटल्या! म्हणे, ‘ताईंची कमाल!’  घरी येऊन मला भडाभडा उलटी झाली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नजरेच्या मधोमध डाग धरलाय, वाढत जाणार. कडेचं दिसतं, ज्याच्याकडे बघावं, तेच दिसत नाही. हे मी कुणाजवळ बोलले नाही. लेकीजवळही नाही.

आणि सोहळ्याची सुरुवात माझ्याच उड्डाणाने! बाकं तर त्या दिवशी गच्च भरणार. नाही म्हणायला तोंड उघडते आणि भलतंच बोलून बसते. काल अध्यक्षांना म्हणाले, ‘उलटी घिरटीसुद्धा घालून दाखवते.’ जळली मेली ती जीभ! त्या टोपीवाल्या पोराचं डोकं मला डोळे मिटले की दिसतं.

माझ्या मागे उभे राहतात ते सगळे माझ्याच हाताखाली शिकलेले. मला ‘दे’ म्हणायची त्यांची छाती नाही. काही झालं तरी ते टाळ्याच वाजवतील.

तू ये. माझ्यावर राग असेल तर रागावूनच ये. मैदानावर कुणाशी बोलू नकोस, हवं तर. सरळ माझ्या मागे येऊन उभा राहा आणि सगळ्यांसमोर ‘दे’ म्हण.

फक्त इंजिन सुरू व्हायच्या आधी म्हण, दादा. विमान जमिनीवर असतानाच. ते वर गेल्यावरही मी देईन, अशी शपथ घ्यायला निघाले होते. पण माझा माझ्यावर भरवसा नाही.

तुझ्या ‘दे’वर सगळं सोडून बसलेली,
तुझी भित्री धाकटी