साचेखात्यातला कोलोकोल

प्रिय यशपाल,

फोन लावून लावून माझं बोट झिजलं, पण तू काही उचलत नाहीस. आधी वाटलं, रागावलास. पण कशावर, तेही उमगेना. शेवटी पेन धरलं.

परवा नातीनं, काव्यानं, ट्रंकेतून आपलं रशियन शिकायचं पुस्तक काढलं. दोघांनी मिळून प्रदर्शनात घेतलेलं तेच. गिरणीची दुसरी पाळी सुरू व्हायच्या आधी तळ्याच्या कट्ट्यावर बसून अक्षरं गिरवायचो. लोक म्हणायचे, ही जोडगोळी रशियाला पळणार. आपण कुर्डुवाडीच्या पुढं गेलो नाही!

काव्याला घंटेचा धडा वाचून दाखवला. कोलोकोल म्हणजे त्यांच्या चर्चची थोरली घंटा. धाकटी झाली की कोलोकोलचिक, घोडागाडीला बांधायची; आणि तेच नाव एका निळ्या रानफुलाचंही. शाळेच्या घंटेला मात्र झ्वोनोक, अन् फोन येतो त्यालाही झ्वोनोकच. फुलाचं वाचून तू म्हणालेलास, "घोड्याला बांधायचं आन् बायकूनं माळायचं, नाव एकच! लई काटकसरी लोक हायती की!" ते सांगितलं तर पोरगी हसून बेजार.

मग विचारते, "अज्जा, हे रशियन बोलायला कुणी शिकवलं?" कुणी शिकवणार! साचेखात्यात मागांच्या खडखडाटात कानात काही शिरायचं का? समोरच्याच्या ओठांवरून बोलणं वाचायचं. तू पलीकडच्या साच्यावरून तोंड तीनदा गोल केलंस, की मी ओळखायचो, कोलोकोल. मुकादमाला वाटायचं, दोघं जांभया देतायत. घरचं सुखदुःखही तसंच सांगायचो. तुझ्या पोराच्या जन्माची बातमी मी तुझ्या ओठांवरच वाचली.

काल शुभदेला फोन केला. तुझीच सून ती, आधी तुझी बाजू सावरत होती. मग रडवेली होऊन म्हणाली, "काका, बाबांना आता ऐकूच येत न्हाय. कानाचं मशीन लावत न्हाईत. ईश्वरप्पाला तेवढं सांगू नको म्हणालेत." अरे शहाण्या, लाजायला मीच सापडलो? पाळीभर समोर उभं राहून आपण एकमेकांचा आवाज कधी ऐकला होता? बुधवारी सकाळच्या एसटीनं बार्शीला येतोय. उजेडाला तोंड करून बसू, पोटभर बोलू. दारावरची बेल मी काही दाबणार नाही. तू दार उघडं ठेव.

तुझाच, पलीकडच्या साच्यावरचा,
ईश्वरप्पा