समोरासमोरचे दोन फ्लॅट

४ मार्च २०१६, शुक्र. सोहार

सु. काल रात्री आला. नवरा आता गुरुवारी येऊन शनिवारी जाणारा पाहुणा झालाय. मस्कतला बदली झाल्यापासून तिथे तिघांबरोबर एका खोलीत राहतो. कपड्यांना दुसऱ्याच साबणाचा वास.

जेवताना सांगितलं, घरभत्ता कापला. तेलाचा भाव उतरला की आधी आमची घरं लहान होतात.

इराला सहावीत प्रवेश मिळाला, मस्कतमधल्या दार्सेतच्या शाळेत. वरच्या मजल्यावरच्या रुबिनाच्या झोयालाही. हनीफभाई सु.च्याच कंपनीत, त्यांचीही बदली. माझ्या शिकवण्या असतात तेव्हा इरा वर जेवते, रुबिना खेडला गेली की झोया माझ्याकडे. एकाच इमारतीत घर घ्यायचं, हे आम्ही दोघींनी केव्हाच ठरवलंय. शाळा सुरू व्हायच्या आत.

५ मार्च, शनि.

मस्कतमध्ये अझैबा पाहिलं. रुंद गल्ल्या, बोगनवेल, समुद्राचा वारा. रस्त्यावर माणूस नाही. एक मांजर होतं, तेही गाडीखाली. भाडं भत्त्याच्या दीडपट. शाळा लांब.

सु. म्हणाला, "स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत, बघून घे."

बघून घेतलं. पाय दुखतात.

११ मार्च, शुक्र. मस्कत

घर सापडलं! दार्सेतला, शाळेचं फाटक खिडकीतून दिसतं. स्वयंपाकघरात दोघी सहज उभ्या राहतील. इराने स्वतःची खोली आल्या आल्या ठरवून टाकली. भत्त्यात बसतं. आणि समोरचा फ्लॅटही रिकामा. जिन्यातूनच रुबिनाला फोन केला, "दोन आहेत गं! समोरासमोर!" ती नुसतं "बरं" म्हणाली. नेटवर्क नसेल म्हटलं.

सगळी इमारत किशोरभाईंनी अर्बाबकडून, म्हणजे ओमानी मालकाकडून, घेऊन पुढे भाड्याने लावलीय. मूळचे घाटकोपरचे. मला ओळखलं. "बेन, मंडळात तुमचा भाषण ऐकला मी. एकदम जोरदार. आपण तर उभा राहून टाळ्या वाजवल्या." जानेवारीतलं ते भाषण. आडनाव विचारून उघडणाऱ्या दारांवर बोलले होते.

मग पायऱ्या उतरताना: "मच्छी-मटण नाय बनवायचा, बस. बाहेर खावा, आपल्याला काय. आणि तुमची ती मैत्रीण... नाव काय बोलली?"

सांगितलं.

"अच्छा." किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. "तो समोरचा फ्लॅट जरा बघावा लागेल."

१२ मार्च, शनि. सोहार

अर्बाबला महिन्याचं भाडं पोचलं की खलास. वर कोण राहतं, त्याला काय. पण तो बिचारा स्वतःच्याच इमारतीत राहायला आला तर किशोरभाई त्यालाही जिन्यात अडवतील. समुद्र ओलांडून आलो, परक्याच्या देशात परक्याच्या पाण्यावर जगतो, आणि पेटीत काय भरून आणलं तर हे! (व्यासपीठावरचा आवाज लागला. इथे कोण ऐकतंय.)

रुबिनाला सांगायला वर गेले. ती कोळंबी सोलत होती. मी सुरुवात कशी करावी या विचारात, तर तीच म्हणाली, "त्या इमारतीत? वैनी, तुला खरंच म्हायत नव्हतं?"

"तू काल फोनवर बोलली का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस गो. घर बघताना आमचं पहिलं काम काय म्हायताय? कुठं विचारायचं नाही ते ठरवणं. वेळ वाचतो."

कोळंबीचा डबा दिला. तिच्याच ताटात खाणारी मी, आणि हे मला माहीत नव्हतं. एवढं वाचून काय वाचलं?

१५ मार्च, मंगळ.

सु.चा फोन. "किशोरभाई आगाऊ चेकसुद्धा मागत नाहीत. तुझ्या भाषणाची कृपा."

म्हटलं, टोमणा मारू नकोस.

"टोमणा नाही. मी दमलोय गं. पोरगी महिन्यात चारदा दिसते."

फोन इराला दिला.

१८ मार्च, शुक्र. मस्कत

हनीफभाईंनी रुवीत घर बघितलंय, बाजाराच्या मागे. त्याच मजल्यावर आणखी एक रिकामं. आम्हीही त्यांच्याबरोबर पाहून आलो. खाली हॉटेल, तळणीचा वास बेडरूमपर्यंत. लिफ्ट बंद. जिन्यात बॅचलर मुलं फोनवर आईशी बोलत बसलेली, आम्हाला बघून भिंतीला चिकटून उभी राहिली. दोन खोल्या. इराला खोली नाही, पॅसेजमध्ये पलंग मावेल. शाळेला बस. भाडं मात्र दार्सेतपेक्षा कमी.

सु. दारात उभा राहून म्हणाला, "हे तत्त्वाचं घर. राहशील?"

लगेच हो म्हणायला हवं होतं. मी नळ सोडून पाण्याला दाब आहे का ते बघत राहिले.

गाडीत इरा: "आई, पण दे कान्ट जस्ट लेट झोया? का?" आवेशाने सुरू केलं, जात, धर्म, वस्ती. ती खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ओके, पण का?" सभा जिंकणाऱ्या बाईने गाडीतला एसी वाढवला.

२१ मार्च, सोम. सोहार

किशोरभाईंचा फोन. घेताय की नाय? विचारलं, आमच्या मुलीची मैत्रीण घरी आली तर?

"येऊ दे ने बेन, बच्ची आहे. मेहमान माणूस कोणाला नाय बोलतो आपण?"

आणि किती बरं वाटलं मला! सबंध दुपार बरं वाटत होतं. झोया येईल, अभ्यास करतील, काय बिघडलं, शिक्षण महत्त्वाचं, वगैरे. संध्याकाळी पीठ मळताना माझाच संताप आला. माझ्याकडे जेवून-खाऊन वाढलेली पोर आमच्या घरी पाहुणी?

२४ मार्च, गुरु.

राहवेना. सकाळी किशोरभाईंना फोन केला. भाषण केलं नाही. एवढंच म्हटलं, समोरचा फ्लॅट हनीफभाईंना द्या, भाडं वेळेवर येईल याची हमी माझी. दोन्ही कुटुंबं येऊ, नाहीतर कोणीच नाही.

मग म्हणाले, "बेन, तुमचा रिस्पेक्ट करतो मी. बिल्डिंगवाल्या लोकांना विचारावा लागेल. संडेला सांगतो. पण मग तुमचा जवाब पण संडेलाच, हां. दुसरी पार्टी उभी आहे."

फोन ठेवला तेव्हा बऱ्याच दिवसांनी ताठ बसले होते.

२५ मार्च, शुक्र.

आधी सु.ला सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "अच्छा" म्हणाला आणि घर हलवायला बांधलेलं खोकं परत सोडून त्यातला चहाचा डबा काढला.

मग वर गेले. वाटलं होतं रुबिना मिठी मारेल. खोटं कशाला लिहू, वाटलं होतं.

ती म्हणाली, "कोणी सांगितलं होतं तुला?"

"अगं, आपलं ठरलं होतं—"

"तुझं ठरलं होतं. तिथं राहून रोज कांदा परततानासुद्धा खिडकी लावून घेऊ? सणाला भीतभीत शिजवू? झोया जिन्यात भेटली की लोक दार लोटून घेणार. तू भांडशील, टाळ्या पडतील. राहायचं मला हाय ना?" मग आवाज उतरला. "आम्ही रुवीचं घेतलंय, वैनी. काल सही झाली. समोरचं अजून रिकामं हाय. तुला जमणार नाही म्हणून बोलले नाही."

"जमणार नाही कशावरून?"

तिने माझ्याकडे बघितलं. "नळ तपासत होतीस म्हणे. हनीफ सांगत होते."

चहा दिला. प्यायले. आमच्यात भांडण झालं असं म्हणता येणार नाही.

परवा फोन येईल. किशोरभाई नाही म्हणाले तर मला उत्तर पाठ आहे, आवाजासकट. पण हो म्हणाले तर?