समोरची पुसट कड

नंदुरबार, ४ डिसेंबर १९१२

आज जिंकलो. कोर्टात नव्हे, चौकीवर.

कोरीट गावची सरूबाई लेकीसाठी खण घ्यायला बाजारात आली होती. तिच्या राणीछाप रुपयाचा एक काठ चंद्रकोरीसारखा कमी दिसला. हिने चांदी कापून घेतली, असं म्हणत कापडवाल्याने तिला चौकीवर नेलं. मी दुसऱ्या अशिलासाठी तिथे बसलो होतो.

"मी कसाले कापसू, भाऊ? मन्ही मायना रुपया शे," आईकडून आलेला तो रुपया दाखवत ती मला म्हणाली.

नाणी जमवण्याच्या माझ्या खुळाला घरी सगळे हसतात. पण खिशात भिंग होतं. मागाहून कापलं असतं तर काठावरची अक्षरं तिथेच तुटली असती. इथे ती काठाकडे ओढली गेली होती. तेवढं पुरेसं होतं का? मग त्या तुटक्या काठाच्या बरोबर समोरची, पलीकडची कड पाहिली. पुसट! ठसा पडतानाच चांदीची चकती एका बाजूला अपुरी, म्हणून दाब कमी पडून समोरची कड उठलीच नाही. चांदी चोरणारा समोरची कड कशाला पुसट करील?

फौजदारांनी स्वतः भिंगातून पाहिलं. "टांकसाळीतलीच चूक," म्हणाले आणि रुपया तिला परत दिला.

मला तो हवा होता. बदली रुपया देऊ केला.

"नही भाऊ, हाऊच चालाले जोयजे." हाच रुपया बाजारात चालला पाहिजे, असा तिचा हट्ट.

ती त्याच कापडवाल्याकडे गेली, चांगला खण निवडला आणि तोच रुपया पुढे केला. त्याने तो घेऊन गल्ल्यात टाकला.