चौघांत मिळून एक नमुना

ती. ताईस,

धाकट्याचा दंडवत. तू नेहमीसारखी ठणठणीत असशील आणि भावोजींचं घोरणं पूर्वीइतकंच जोरात असेल, असं धरून चालतो. मागच्या आठवड्यात माझं एक पत्र तुला मिळालं असेल. त्यात मी आता फार दिवसांचा सोबती नाही, माझ्या माघारी हिला सांभाळ आणि माझी आरामखुर्ची भावोजींना द्यावी, असं लिहिलं होतं. ते पत्र रद्द समज. मी मरत नाहीये. रडली असशील तर माफ कर, आणि रडली नसशील तर भेटल्यावर जाब विचारीन.

झालं असं. माझं पोट तुला ठाऊकच आहे. पलटणीतून घरी आलो तेव्हा ट्रंकेबरोबर हे दुखणंही आलं. कुठेही गेलो की आधी संडास कुठे ते बघायचं (तुझं नवं घर बघायला मी अजून आलो नाही त्याचं कारण हे आहे, तू समजतेस तसा रुसवा नाही). सांधे धरतात, जरा काम केलं की अंगातला जीव जातो. तर आमच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आल्यात, त्या फक्त जुन्या फौजींची पोटं तपासतात. त्यांचं म्हणणं, आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते आणि त्यातले बरेचसे आपल्याच बाजूचे असतात. आम्ही मिळेल ते पाणी प्यायलो, हवाबंद डब्यातलं खाल्लं, गोळ्या मुठीने गिळल्या, त्यात ती चांगली वस्ती उठली असावी. मग शरीराचा पहारेकरी बावचळतो आणि आपल्याच माणसांवर गोळ्या झाडतो. (हे मला पटकन कळलं. असा एक पहारेकरी आमच्याकडे होता.) याचा छडा लावायला बाईंना आमचा नमुना हवा होता. कसला, ते मोठ्या बहिणीला लिहिणं बरं दिसत नाही. झाकणाची डबी होती आणि आत चमचा होता, एवढ्यावरून ओळख.

आता तपासणी म्हटलं की फौजीच्या अंगात काय येतं, ते तुला सांगून कळायचं नाही. बराकीत साहेब बूट बघायला आले की ज्याचे बूट सगळ्यांत चकचकीत, त्याचेच बूट खाटेखालून खाटेखाली फिरायचे. साहेब एका खाटेवरून हलले की बूट पुढच्या खाटेखाली हजर. आम्ही चौघे डब्या घेऊन बागेतल्या बाकावर बसलो होतो: मी, पलटणीचा आचारी, वायरलेसवाला आणि दगड. दगड खाऊन पचवील म्हणून त्याचं नाव दगड. आम्ही तिघे पोट धरून पळायचो तेव्हा हा आमच्या वाटणीचंही खायचा. मग आपले नमुने देऊन पलटणीचं नाक कशाला कापायचं? दगड नको नको म्हणत होता, पण तिघांपुढे त्याचं काय चालणार. चारही डब्या त्यानेच भरून आणल्या.

पुढे नर्सचा फोन आला: ताबडतोब या आणि घरचं कुणीतरी सोबत आणा. म्हणजे आपलं संपलंच, असं मी धरलं. आधी बसून तुला ते पत्र लिहिलं, पेटीत टाकलं, आणि परत येऊन हिचा हात धरून बसलो. ही शांतपणे म्हणाली, "अहो, पण तो नमुना तुमचा होता कुठे?" भीतीपोटी ही गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली होती.

दवाखान्यात बाकीचे तिघे आधीच येऊन बसले होते. बाई एकाच वेळी खूशही होत्या आणि घाबरलेल्याही. चार माणसांच्या पोटात हुबेहूब एकच वस्ती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, आणि चौघांच्याही नमुन्यात रक्त होतं. आचाऱ्याने तिथल्या तिथे कबुली दिली. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, मग हे नमुने खरे कुणाचे? आम्ही तिघांनी दगडाकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता. कित्येक महिने रक्त जात होतं आणि पठ्ठ्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. म्हणाला, "तुम्ही तिघे पडलेले. एक तरी उभा नको?" ताई, मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही त्याच्या पोटाचा हेवा करत होतो.

दगडाच्या पोटात दुर्बीण घालून बघितलं. आतड्याला सूज आणि जखमा आहेत, पण आम्ही ज्याला भ्यालो होतो तो आजार नाही. औषधांनी आटोक्यात येईल. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. काल भेटायला गेलो तर पातळ जेवणावरून नर्सशी भांडत होता, म्हणजे सुधारतोय. मी जिन्यात बसून पोटभर रडलो, इतकं हायसं वाटलं. आम्हा तिघांना बाईंनी शाळेतल्या पोरांसारखं झापलं आणि नव्या डब्या दिल्या. त्या मात्र आपापल्या भरल्या. माझी वस्ती उजाडच निघाली, पण सुधारता येईल म्हणतात.

भावोजींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा, अजून असलेला,
धाकटा

ता. क. भावोजींचा टेम्पो परवाच येऊन खुर्ची घेऊन गेला. टपाल इतकं जलद चालतं हे मला माहीत नव्हतं. मी हे उभ्यानेच लिहितोय. परत पाठवावी.

ता. ता. क. बाईंना तुलना करायला माझ्याच घरात, माझ्याच ताटातलं खाऊन वाढलेलं, पण फौजेत न गेलेलं माणूस हवं आहे. मी तुझं नाव दिलं. सोबतच्या पुडक्यात डबी आणि चमचा आहे. आपलं दुखणं तू कधी कुणाला सांगितलं नाहीस, सगळे म्हणतात हिला काही होत नाही. दगडालाही आम्ही तेच म्हणायचो. तेव्हा कृपा करून स्वतःचीच भर.