सौदीचा कोपा देल रे

शुक्र., ३१ जाने.
मीटिंग जिंकली. आपल्या क्रीडा पानावर परदेशी फुटबॉल स्पर्धांची नावं यापुढे त्या त्या देशातली. स्पेनचा किंग्ज कप नाही, कोपा देल रे. फ्रेंच कप नाही, कूप द फ्रान्स. संपादक मॅडम म्हणाल्या, "वाचकांना झेपेल?" मी म्हणालो, "आपण मुंबईला बॉम्बे म्हणतो का?" नियम मंजूर. वाक्य घरूनच तयार करून नेलं होतं. स्पॅनिश मला ओ की ठो येत नाही, उच्चार व्हिडिओवरून पाठ केलेत. कात्रजपर्यंत हेल्मेटच्या आत तेच बडबडत आलो.

रवि., २ फेब्रु.
दुपारी आगाशे सरांचा फोन. मंगळवारचं सदर ते दर रविवारी असंच तोंडी सांगतात, मी टाइप करतो. भूगोलाचे निवृत्त मास्तर, सदाशिव पेठ. हातात कागद नाही की टिपण नाही, आणि त्याचा तोराही आहे. नवा नियम सांगितला.
"अहो नीलेश, स्पेन आपल्याला इंग्रजीतूनच कळला ना? मग आता माद्रिदला जन्मल्यासारखं कशाला बोलायचं?"
"नियम आहे सर."
"बरं. स्पेनपुरतं तुमचं नाव घेतो. चुकलो तर सावरून घ्या."
चुकलेच. सवयीने सारखं किंग्ज कप. दोनदा टोकलं, मग कंटाळलो. फोन ठेवल्यावर सगळे किंग्ज कप एका फटक्यात बदलून टाकले. मजकूर पाठवला.

मंगळ., ४ फेब्रु.
लाज. दुसरा शब्द नाही.
सरांचा विषयच होता, राजाच्या नावाचे कप. स्पेनचा, सौदीचा, थायलंडचा. इंग्रजीत तिन्ही किंग्ज कप, त्यावरच त्यांनी सगळी गंमत उभी केली होती. आणि आज छापून काय आलंय? सौदीचा कोपा देल रे. थायलंडचा कोपा देल रे. मी एकदाही परत वाचलं नव्हतं. कुणीतरी फोटो काढून फिरवलाय, खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. सदरावर नाव सरांचं, फोटो सरांचा.
मॅडम म्हणाल्या, "सरांचं वय झालं आता."
मी म्हणालो, "हं."
एवढंच. हं.

बुध., ५ फेब्रु.
सरांचा फोन. शिव्या खायच्या तयारीने उचलला. आवाज अगदी बारीक.
"मी सौदीलाही कोपा देल रे म्हणालो का हो?"
तेव्हाच सांगायला हवं होतं. वाक्य जिभेवर होतं.
"नवीन नाव आहे सर. होतं असं."
मग म्हणाले, "आमच्या दादाचं असंच सुरू झालं होतं. आधी नावंच गेली."
फोन ठेवला. बायकोने, मुग्धाने, विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

शनि., ८ फेब्रु.
सदर पुढच्या महिन्यापासून बंद. मॅडमना निमित्तच हवं होतं, ते मी दिलं. सरांना अजून कळवलेलं नाही.
शेवटी मुग्धाला सांगितलं. भाजी चिरता चिरता थांबली.
"मग सांगून टाक की. ओरडतील, संपेल."
"ऑफिसात काय..."
"एवढ्यावरून नोकरी जाते?"
नाही जात. तेच तर. जाणार फक्त मीटिंगमधली ऐट, आणि तेवढ्यासाठी एक शहाणा माणूस स्वतःला वेडा ठरवत बसलाय. मॅडमना मेल लिहिली. पाठवली नाही. भेकड आहे मी.

रवि., ९ फेब्रु.
आज सर कागदावरून वाचत होते. फोनमधून पानं उलटल्याचा आवाज येत होता. सगळीकडे माझी नावं, एकूण एक बरोबर. कोपा देल रे म्हणायच्या आधी दरवेळी जरासे थांबायचे, पायरी चाचपावी तसे. एक कोटी नाही, एक टोमणा नाही. छापायला बिनचूक, पण सरांचं नाहीच ते.
शेवटी म्हणाले, "आता पुन्हा वाचून दाखवा. माझा मला भरवसा नाही."
दाखवलं. सबंध.
"आणि एक विचारू? गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. हिच्याच्याने जिना उतरवत नाही. तुम्ही याल सोबत?"
"येतो ना सर."
हे मात्र पटकन बोलता आलं.

गुरु., १३ फेब्रु.
दवाखान्यातल्या बाकावर बसून मोबाईलवर लिहितोय. सर आत आहेत.
स्कूटरवर सांगायचं ठरवून निघालो होतो. समोर पाहून बोलायचं, चेहरा बघावा लागत नाही. सिग्नलला तोंडही उघडलं. तेवढ्यात सरांनी मागून खांद्यावर हात ठेवला. "तुमचा रविवारही खातो आणि आता गुरुवारही." सिग्नल सुटला.
सरांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय. परीक्षेला निघाल्यासारखे. काउंटरवरच्या बाईंनी त्रास काय विचारला, तर त्यांनी सौदीचं सगळं सांगितलं, वर हसलेही. बाईंना ओ की ठो कळलं नाही. मग माझ्याकडे बोट केलं. "हे साक्षीदार. फोनवर यांनीच ऐकलंय सगळं."
मी मान हलवली. हो म्हणून हलवली.
दार किलकिलं आहे. सर महिन्यांची नावं उलटी म्हणतायत. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. न अडखळता जानेवारीपर्यंत आले. मग त्यांचाच आवाज, "पण डॉक्टर, मग ते कसं झालं?"
बाई बाहेर आल्यात. "आगाशेंच्या सोबत कोण आहे? आत या. नेमकं काय झालं ते डॉक्टरांना तुमच्याकडून ऐकायचंय."
उठतोय.