आमच्या वॉर्डातलं झालेलं काम

९ जानेवारी, सकाळी ६.१०

आजपासून रोज डायरी लिहायची. मोठी माणसं लिहितात.

उद्यापासून तीन दिवस नगरप्रशासन परिषद. सगळ्या नगरसेवकांतून फक्त दोघांची निवड, त्यात मी. (आधी निवडलेल्या दोघांच्या घरी लग्नकार्यं निघाली, पण तो मुद्दा नाही.) हिने विचारलं, तिकडे जाऊन शिकणार काय. दुर्लक्ष केलं.

ताईचा फोन. गल्लीतलं चेंबर परत तुंबलंय, मोरीतून घाण पाणी थेट मागच्या खोलीत. भाऊजींना दोन वर्षं अंथरुणावरून उठता येत नाही, त्यांची खाट आता पुढच्या खोलीत, दाराशी आणलीय. म्हणाली, तू एकदा येऊन बघ रे. सांगितलं, अगं, नवी ड्रेनेज लाइन मंजूर आहे. इंजिनिअरला फक्त माझं एक पत्र द्यायचं राहिलंय, की जागा पाहिली, काम सुरू करा. आज देणारच होतो, पण लेटरहेड बॅगेत तळाशी गेलं. आल्या आल्या देतो.

१० जानेवारी, दुपारी ३

हॉटेल उत्तम. गळ्यात बिल्ला, हातात बॅग, बॅगेत पेन, वही, पाण्याची बाटली. सगळे 'सन्माननीय सदस्य' म्हणतात. बरं वाटतं. आपल्याकडे ही पद्धत नाही.

पहिलं सत्र प्रशिक्षक बाईंचं. फार हुशार बाई. शिकलो ते असं: 'समस्या' म्हणायचं नाही, 'आव्हान' म्हणायचं. 'तक्रार' नाही, 'फीडबॅक'. 'तुंबलं' तर अजिबात नाही, 'प्रवाहातील अडथळा'. पंधरा वर्षं राजकारणात आहे, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं उगाच तुंबलं-तुंबलं करत बसलो.

दुसरं सत्र 'नागरिकांचं ऐकण्याची कला'. एसी जोरात होता. डोळे मिटून ऐकलं. शेजारच्या वॉर्डाच्या सदस्याने कोपराने ढोसून उठवलं. आधीच जागा होतो.

११ जानेवारी, सकाळी ७

उद्या प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं: 'माझ्या वॉर्डातला बदल'. दोन फोटो हवेत, आधीचा आणि नंतरचा. शेजारच्या वॉर्डवाल्याकडे बाग आहे. काल जेवताना तीन वेळा दाखवली. कारंजं बंद आहे, हे मी लगेच ओळखलं.

माझ्याकडे बदल कुठला? मोबाइल चाळला. ताईच्या गल्लीचे दोन फोटो सापडले. एकात काळं पाणी. दुसऱ्यात पांढरी गल्ली, त्या दिवशी आरोग्य अधिकारी येणार म्हणून पावडर मारली होती तेव्हाची. दोन्हींत दोन तासांचं अंतर. पण फोटोवर वेळ दिसत नाही.

हे खोटं नाही, यावर बराच विचार केला. लाइन मंजूर आहे. होणार आहे. 'होणार आहे'च्या जागी 'झालं आहे' म्हटलं, एवढंच. फक्त काळ बदलला. व्याकरणाची बाब आहे.

१२ जानेवारी, दुपारी २

दुसरा नंबर! बागवाल्याला उत्तेजनार्थ.

काचेची ट्रॉफी आहे. आमचे आयुक्त स्वतः आले होते. पाठ थोपटली, आणि आपल्या भाषणात माझ्या गल्लीचं नाव दोनदा घेतलं. ताईला फोन केला. ती फक्त म्हणाली, पत्र दिलंस का.

१४ जानेवारी

ट्रॉफी घेऊन ताईकडे गेलो. ठेवायला कोरडी जागा मिळेना, म्हणून भाऊजींच्या पायाशी ठेवली. भाऊजींना बोलता येत नाही. बघत राहिले. ताईला समजावलं, की ही समस्या नाही, आव्हान आहे. तिने हातातला खराटा दाराआड ठेवला. मग म्हणाली, तू जेवून जा, पण मागच्या खोलीत जाऊ नकोस, पाय घाण होतील.

जेवलो नाही. वास फार येत होता.

१७ जानेवारी

पत्र घेऊन ड्रेनेज इंजिनिअरकडे गेलो. त्याने पत्र वाचलं, मला बसायला सांगितलं आणि रजिस्टर उघडून दाखवलं. ताईच्या गल्लीसमोर शेरा: 'काम पूर्ण'. सोबत माझ्या ट्रॉफीच्या फोटोचं कात्रण, पिन मारून. आयुक्तांनीच सांगितलं म्हणे, की झालेलं काम मंजूर यादीत कशाला ठेवता. लाइन दुसऱ्या वॉर्डाला दिली. कोणत्या? बागवाल्याच्या.

दुरुस्ती करा म्हटलं. इंजिनिअर शांतपणे म्हणाला, साहेब, काम झालं नाही असं तुम्ही लेखी द्या, लगेच करतो.

हे योग्य नव्हे. त्यात माझी नाही, आयुक्तांची अब्रू जाते. भाषण त्यांचं होतं. शब्द शोधतोय. 'तांत्रिक विसंगती' बरा वाटतो. चार मसुदे झाले. घाईत पत्रं लिहू नयेत.

२१ जानेवारी

परिषदेची टीम गल्ली पाहायला येणार! हे उत्तम. स्वतःच्या डोळ्यांनी बघतील.

दुपारी ४. स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. पावडरीची बारा पोती मागवली.

२४ जानेवारी, दुपारी १

पहाटेपासून सक्शन गाडी लावून गल्ली उपसून घेतली. मग पावडर. दहा वाजता टीम आली, चारजण. प्रशिक्षक बाईही होत्या.

सगळं छान चाललं होतं, आणि बाई थेट ताईच्या दारात गेल्या. ऐकण्याची कला. विचारलं, नवी लाइन झाली का हो आजी? पाणी येतं का घरात आता?

ताईने बाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी कुठे पाहिलं, ते आठवत नाही.

ताई म्हणाली, झाली. काही त्रास नाही. फॉर्मवर सही पण केली.

शेवटी रक्ताचं नातं ते रक्ताचंच. लहानपणी शाळेची काच मी फोडली होती, तेव्हा मार ताईने खाल्ला होता. ताई माझ्या बाजूने आहे. आता निवांतपणे, वेगळ्या नावाने नवा प्रस्ताव टाकतो. सोमवारीच.

२९ जानेवारी

सोमवारी जमलं नाही, सत्कार होता. आज इंजिनिअरला भेटलो. म्हणाला, आता रहिवाशाचीच सही आली, फाइल कायमची बंद. नव्या लाइनवर पुढची दहा वर्षं खर्च टाकता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, पण नवी लाइन आहेच कुठे. तो म्हणाला, ते तुम्हाला माहीत, मला माहीत. कागदाला माहीत नाही.

भाऊजी दहा वर्षं काढतील का, हा विचार मनात आला. मुद्दाम चहा मागवला.

१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

ताईकडे गेलो होतो. सगळं खरं सांगून टाकायचं, माफी मागायची, आणि ताई-भाऊजींना आमच्याकडे राहायला घेऊन यायचं, असं ठरवून गेलो. हिलाही विचारलं नव्हतं.

दार ताईने उघडलं. म्हणाली, या. बसा. काय काम काढलंत?

मला वाटलं, मागे कोणी उभं आहे. वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

अगं मी आहे, म्हटलं. म्हणाली, हो, ओळखलं ना, आमच्या वॉर्डाचे नगरसेवक. खुर्ची पुसून दिली. पाणी ट्रेमधून आणलं. मी बावन्न वर्षांचा. आईनंतर ताईनेच मला वाढवलं. आजवर एकदाही 'तुम्ही' म्हणाली नव्हती. म्हटलं, ताई, भाऊजींना घेऊन चल आमच्याकडे. म्हणाली, नको, तुम्हाला कशाला त्रास. आमची काही तक्रार नाही.

एकही शिकलेला शब्द आठवेना. उठलो.

घरी आल्यावर हिने विचारलं, काय म्हणाल्या ताई?

सांगितलं, काही तक्रार नाही.